रिकाम्या पिंजऱ्याचं वजन

१

खाणीत उतरायच्या पिंजऱ्यात किती माणसं उभी आहेत हे मला डोळ्यांनी बघावं लागत नाही. ब्रेकच्या दांड्यावर हात असला की कळतं. दोन पोरं आणि एक जाडी आई, की चार शिक्षिका, की नुसताच रिकामा पिंजरा, सगळं तारेच्या दोरातून, तो गुंडाळणाऱ्या ड्रमवर येतं, ड्रममधून दांड्यात आणि दांड्यातून माझ्या मनगटात. यात जादू काही नाही. किराणावाल्याला पुडी हातात घेतली की वजन कळतं, तसंच हे.

लेडी ऑगस्टा खाण बंद पडली तेव्हा मी घरी बसलो, आणि तिचं संग्रहालय झालं तेव्हा परत आलो. डोलन्स रिवॉर्डमध्ये दुसरं आहे तरी काय? एक पब, एक पेट्रोल पंप, लाल माती आणि आम्ही. संग्रहालयातल्या काचेच्या कपाटात सोन्याचे गोळे आहेत, ते नकली. पोरांना माती धुवायला देतात त्या पन्हळीत ग्लेनिस रोज सकाळी चिमूटभर सोन्याची कणी टाकते, म्हणजे कुणी हात हलवत परत जाऊ नये. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला सोनं सापडतं, आमच्या बापजाद्यांना सापडलं नाही इतकं. पण खाणीत उतरणारा उभा शाफ्ट खरा आहे, त्यावरचा मनोरा खरा आहे आणि माझं इंजिन खरं आहे. पाहुण्यांना पिंजऱ्यात उभं करायचं, शाफ्टमधून पहिल्या पातळीपर्यंत खाली सोडायचं, तिथे एत्तोरे त्यांना बोगदा दाखवणार आणि त्याने घंटा वाजवली की मी वर ओढणार. त्या पातळीखालची सगळी खाण पाण्यात बुडालेली आहे.

इंजिनघरात एक पाटी आहे, 'चालकाशी बोलू नये.' एत्तोरे बोनेट्टीने ती जन्मात पाळली नाही. आम्ही दोघे खाणीत एकाच वर्षी लागलो, तो दगड फोडायला आणि मी इंजिनवर. संग्रहालयातही जरा उसंत मिळाली की त्याचा खालून टेलिफोन यायचा.

"काय रे, झोपलास का?"

"तुझी बडबड कानावर असताना कोण झोपेल?"

"एक बाई विचारत होती, आपल्याला वर कोण ओढतं. मी म्हटलं, एक आंधळा घोडा आहे, पण वाट पाठ आहे त्याला."

"तिला सांग, घोडा लाथही मारतो."

असं आमचं रोज चालायचं. मी वैतागल्यासारखं करायचो आणि फोन यायला उशीर झाला की घड्याळाकडे बघायचो.

२

सप्टेंबरच्या लाँग वीकएंडला आमचा सुवर्णोत्सव असतो. त्या गर्दीवर संग्रहालय वर्षभर जगतं. त्याच्या आदल्या शुक्रवारी तयारीसाठी दुपारनंतर फाटक बंद ठेवलं होतं. सकाळची शेवटची टोळी वर पाठवून एत्तोरे डबा खायला खालीच थांबला. बोगद्यात डबा खायची जुनी खोली आहे, गार असते, त्याला तिथेच बरं वाटायचं.

बराच वेळ त्याची घंटा आली नाही. टेलिफोन केला तर उचलेना. मग ग्लेनिसला खाली सोडलं. ग्लेनिस आमची व्यवस्थापक. आधी गावच्या ग्रंथालयात होती. बोलायला कडक, आतून लोणी. थोड्या वेळाने इंजिनघरातला फोन वाजला.

"डेस, एत्तोरे जमिनीवर पडलाय. गार लागतोय. मला नाडी लागत नाहीये."

"नीट बघ."

"बघितलं. दोनदा बघितलं. डेस, तो गेला रे."

खाणीत माणूस पडला की अपघाताची घंटा वाजवायची, ही आमची रीत. ती रोजच्या घंटेपेक्षा वेगळी असते. ती वाजली की मी पिंजरा त्याच्यासाठी लावायचा, वरच्या माणसाने कुणालाही न विचारता ॲम्ब्युलन्स बोलवायची आणि खाली असलेल्या प्रत्येकाने हातातलं टाकून वर यायचं. आणि माणूस गेला असेल तर त्याला पुरेपर्यंत शाफ्टमध्ये कुणी उतरायचं नाही. मालक रागावो, सोन्याचा डोंगर लागलेला असो, नाही म्हणजे नाही.

"घंटा वाजव," मी म्हणालो.

तिचा आवाज बारीक झाला. "वाजवली तर खाण निरीक्षक येणार. खाली मरण म्हणजे शाफ्टला सील. उत्सव बुडाला. आणि उत्सव बुडाला तर नाताळच्या आत आपल्याला कुलूप लागणार, डेस. तूच सांग. तू म्हणशील तसं करते."

तिने माझ्यावर ढकललं, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे तिने विचारलं आणि मी उत्तर दिलं. मला संग्रहालयाची पडलेली नव्हती. शाफ्ट बंद झाला तर या वयात मला परत कुणी या दांड्यापाशी बसू देणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात आलं. दोस्त खाली पडलाय आणि मला माझ्या खुर्चीची काळजी. लाज वाटते सांगायला, पण तसंच आहे.

"वर आण," मी म्हणालो. "आधी वर आणू, मग बघू."

बोगद्यात दगड वाहायची छोटी गाडी आहे. तिच्यात घालून तिने त्याला पिंजऱ्यापर्यंत आणलं, आत एका कोपऱ्याला टेकवून बसवलं आणि 'माणसं वर' ही रोजचीच घंटा वाजवली. मी ओढलं. अंगणात एका मोठ्या झाडाखाली बाकडं आहे. आम्ही दोघांनी उचलून त्याला तिथे नेलं, बसवलं, डोक्यावर टोपी घातली, मांडीवर त्याचा डबा उघडून ठेवला. ग्लेनिस सारखी रडत होती आणि सारखी त्याची कॉलर सरळ करत होती. हे सगळं नीट झाल्यावर आम्ही ॲम्ब्युलन्सला फोन केला.

ॲम्ब्युलन्सवाल्यांनी छाती तपासली आणि मान हलवली. हृदय आधीपासून दुबळं, फुप्फुसांत खाणीची धूळ. कुणी जास्त काही विचारलं नाही. "उन्हात बसल्या बसल्या गेले," त्यांच्यातला एक म्हणाला. "भाग्यवान म्हणायचे."

३

शनिवारी फाटकाशी एत्तोरेचा फोटो होता आणि त्याच्या खाणीतल्या टोपीत ठेवलेली रानफुलं. बँडवाले येऊन वाद्यं लावत होते. मी इंजिनघर उघडलं.

सकाळी माणसं बसवण्याआधी पिंजरा एकदा रिकामा खाली-वर करायचा, हा नियम आहे. मी जाळी बंद असल्याची खात्री केली, खुर्चीत बसलो आणि दांडा सोडला. पिंजरा जमिनीखाली गेला न गेला तोच माझा हात थांबला.

आत कुणीतरी होतं.

मी पिंजरा थांबवला, वर घेतला, उठून बघून आलो. लोखंडी जाळ्या, लाल धुळीने भरलेली फळी, बाकी काही नाही. परत बसलो, परत सोडला. एका माणसाचं वजन. हडकुळ्या, म्हाताऱ्या माणसाचं. भारदर्शक घड्याळाचा काटाही रिकाम्याच्या खुणेला टेकायला तयार नव्हता.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. मनगट आखडलं असेल, दोराला रात्रीच्या थंडीने ओढ बसली असेल, काटा तर जुनाच आहे. मी अशी कारणं एकापुढे एक मांडली आणि ती पटलीही. मग पाहुणे आले. पाचजण चढले की हाताला सहा जाणवायचे. वर येऊन पाच उतरले की एक आतच राहायचा. जाळी उघडी, पिंजरा रिकामा, आणि दोर ताणलेला.

तीन दिवस मी त्याला असा खाली-वर करत राहिलो. बँड वाजत होता, सोनं धुणारी पोरं किंचाळत होती आणि एत्तोरे अजून शवागारात होता. त्याला पुरायच्या आधी शाफ्ट चालवणारा लेडी ऑगस्टाच्या इतिहासातला मी पहिला चालक. उत्सव यंदा झकास झाला, असं सगळे म्हणाले.

४

बुधवारी त्याला पुरलं. गुरुवारी त्याची मुलगी बाकड्यावर येऊन बसली.

लिव्हिया शाळेची बस चालवते. सकाळची फेरी झाली की तिला दुपारपर्यंत मोकळा वेळ असतो. तिने घरून कॉफीची किटली आणली होती आणि दोन कप. एक स्वतः प्यायली, दुसरा बाकड्यावर तसाच ठेवला आणि जाताना झाडाच्या मुळाशी ओतला. मग ती रोजच यायला लागली. माझ्या खिडकीतून डावीकडे शाफ्टची जाळी दिसते आणि उजवीकडे ते बाकडं. मी मान वळवायचं टाळायचो, पण मान आपोआप वळायची. ती बापाशी बोलत असायची. बसमधल्या पोरांच्या खोड्या, टोमॅटोला लागलेली कीड, असलं काहीबाही. हसायचीसुद्धा.

एकदा तिने मला हाक मारली. "अंकल डेस, या ना. तुमच्यासाठी कप आणलाय."

लहानपणापासून ती मला अंकल म्हणते. मी गेलो. कप हातात धरून उभा राहिलो, बसवेना.

"बाबांना खाली मरायची फार भीती होती," ती म्हणाली. "कधी बोलले नसतील तुमच्याशी. तुम्हा पुरुषांचं काय ते! पण आईला सांगायचे, झोपेत ओरडून उठायचे. आयुष्यभर अंधारात काढलं. शेवटी उन्हात होते, एवढंच मला पुरे आहे. ज्या दिवशी फार आठवण येते ना, त्या दिवशी मी हेच स्वतःला सांगते."

"हो," मी म्हणालो.

"त्या दिवशी तुम्ही खिडकीतून बघितलं होतं का त्यांना? इथे बसलेले?"

"बघितलं ना. डबा खात होता."

कॉफी कडू होती की माझं तोंड, कोण जाणे.

त्याच आठवड्यात मी मेकॅनिक बोलावला. त्याने दोर तपासला, ब्रेक उघडला, पिंजरा वजनकाट्यावर घेतला. सगळं जिथल्या तिथे. काटा बदलूया म्हणाला, बदलला. नवा काटाही तेच दाखवायला लागला. "तुमचं इंजिन म्हातारं झालंय, दुसरं काही नाही," तो म्हणाला आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की इंजिन हा शब्द त्याने भिडेखातर वापरला असावा.

५

शुक्रवारचं सांगताना मी एक गोष्ट गाळली. आता ती सांगणं भाग आहे.

आमच्या शाफ्टच्या भिंतींना खालच्या भागात लाकडी चौकटी आहेत आणि वरच्या भागात काँक्रीट. पिंजरा वर येताना लाकूड असतं तोवर खडखड होते, काँक्रीट लागलं की आवाज एकदम गुळगुळीत होतो. मला तो बदल झोपेतही ओळखू येतो. त्या शुक्रवारी एत्तोरेला वर आणताना, नेमकं लाकूड संपतं तिथे, पिंजऱ्यातलं वजन सरकलं होतं.

ग्लेनिस हलली असेल, असं मी तेव्हा म्हटलं. किंवा तो कोपऱ्यातून घसरला असेल. मेलेलं माणूस घसरतं.

आता, रिकाम्या पिंजऱ्यात, रोज, प्रत्येक खेपेला, तिथेच वजन सरकत होतं. खडखड थांबली की पिंजरा किंचित एका बाजूला कलायचा. मी डोळे मिटून मनगटाने ऐकायचो. आणि एक दिवस मला कळलं की मला काय खटकतंय. घसरलेलं वजन जिथे जातं तिथे पडून राहतं. हे जात होतं आणि परत येत होतं. परत जात होतं, परत येत होतं. हाताचा टेकू घेऊन कुणी उठू बघावं, जमू नये, पुन्हा बघावं, तसं.

मी ग्लेनिसला तिच्या खोलीत गाठलं. ती उत्सवाचे फोटो भिंतीवर लावत होती.

"त्या दिवशी पिंजऱ्यात तू हललीस का? मध्यावर?"

तिने टाचण्या खाली ठेवल्या. "मी जाळीला घट्ट धरून उभी होते, डेस. डोळे मिटून. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं."

"म्हणजे हलली नाहीस."

"का विचारतोयस?"

"उगाच."

"उगाच कुणी असं विचारत नाही," ती म्हणाली. मग तिच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू गेला. "मी नाडी बघितली होती. दोनदा बघितली होती. माझे हात कापत होते, पण मी बघितली होती." तिने माझी बाही पकडली. "डेस, सांग ना, बघितली होती ना मी?"

मी तर वर होतो, दांड्यापाशी.

६

मंगळवारी संग्रहालय बंद असतं. ग्लेनिसकडे बदली चालकाचा परवाना आहे, मीच तिला शिकवलंय. मी तिला खुर्चीत बसवलं आणि स्वतः पिंजऱ्यात गेलो. इंजिनचालक सहसा स्वतःच्या पिंजऱ्यात चढत नाही. आपण ज्यांना ओढतो त्यांना खाली कसं वाटतं हे कळलं तर हात कापायला लागतो, असं जुने लोक म्हणायचे.

उतरताना काही झालं नाही. बाहेर लख्ख ऊन होतं, वर बघितलं तर आभाळाचा चौकोन लहान होत गेला. खाली बोगद्यातला दिवा लावला. डबा खायच्या खोलीपर्यंत गेलो. गार, ओलसर, उंदरांच्या वासाची साधी खोली. "एत्तोरे," मी म्हटलं. माझाच आवाज ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला आलो होतो, पण रिकाम्या खोलीची माफी कशी मागायची? परत आलो, पिंजऱ्यात शिरलो आणि घंटा वाजवली.

खडखड सुरू झाली. माझ्या टोपीवर दिवा होता. मी तो फळीकडे वळवून धरला, समोर बघायची हिंमत नव्हती. लाल धूळ थरथरत होती. समोरच्या कोपऱ्यात ती दबलेली होती, कुणी बसून उठल्यावर दबते तशी. तेवढं पुरेसं होतं. तेवढ्यावर मी दिवा विझवायला हवा होता.

लाकूड संपलं. खडखड थांबली, आणि त्या शांततेत मला श्वास ऐकू आला. माझा नव्हता. धुळीने भरलेल्या छातीचा, आत घेताना शिट्टी वाजणारा. हा श्वास मी वर्षानुवर्षं टेलिफोनवर ऐकला होता. पिंजरा कलला. आणि माझ्या दिव्याच्या उजेडात, फळीवरच्या धुळीत, एक पंजा उमटला. पाच बोटं फाकलेली, तळवा रेटून दाबलेला. धूळ त्याच्या कडेने वर आली. मग पंजा निसटला, ओरखडे राहिले, आणि थोडा अलीकडे, माझ्या बुटाच्या दिशेने, पुन्हा उमटला.

मी पाय मागे घेतला. तो हात मागत होता आणि मी पाय मागे घेतला.

वर आल्यावर ग्लेनिसने जाळी उघडली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "तू एकटाच होतास ना?" ती म्हणाली. "काटा... डेस, काटा दोघांचा होता."

मी फळीकडे बोट दाखवलं. धूळ सपाट होती.

७

दुसऱ्या दिवशी मी बाकड्यावर जाऊन बसलो आणि लिव्हियाला सगळं सांगितलं. घंटा न वाजवल्याचं, गाडीचं, टोपी घातल्याचं, डबा उघडून ठेवल्याचं. ग्लेनिसचं नाव शक्य तितकं कमी घेतलं. मग पिंजऱ्यातल्या वजनाचं. ते सांगताना मला वाटलं, ही आता हसेल किंवा थोबाडीत मारेल. दोन्हीसाठी मी तयार होतो.

तिने बापासाठी ठेवलेला कप उचलला, त्यात बघितलं आणि तो परत ठेवला.

"म्हणजे इथे ते नव्हतेच," ती म्हणाली. "मी या लाकडाशी बोलत होते."

"मी निरीक्षकाकडे जातो. आजच जातो. पोलिसांकडे जातो. काय व्हायचं ते होऊ दे माझं."

"ते जिवंत होते का?"

"मला वाटतं..."

"वाटतं नको, अंकल डेस. तुमच्या हाताला काय कळलं?"

"जिवंत होता."

ती खाली बघत होती. मला रडू येत होतं आणि त्या रडण्याचीही चीड येत होती.

"आणि अजून?" तिने विचारलं.

"रोज. तिथेच. उठायचा प्रयत्न करतो."

लिव्हिया उठली. "तुम्ही कुठेही जायचं नाही. निरीक्षक आला की शाफ्टला सील ठोकणार. मग ते कायमचे तिथेच." ती शाफ्टकडे चालायला लागली होती. "चला. ओढा."

"लिव्हिया, अगं..."

"तुम्ही त्यांना उशिरा वर आणलंत. आता वेळेवर आणा. चला, बसा खुर्चीत."

मी बसलो. पिंजरा खाली सोडला आणि ओढला. ती जाळीशी उभी होती, कडीवर हात ठेवून, बस थांबल्यावर दार उघडायला थांबते तशी. लाकूड संपलं, वजन हललं, परत हललं, काँक्रीटच्या भागात मंद झालं आणि थांबलं. पिंजरा वर आला. तिने जाळी उघडली. आत धूळ होती.

"उशीर झाला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "परत."

८

आता रोज फाटक बंद झालं की ती येते. दिवस मोठे झालेत, ऊन बराच वेळ असतं. ग्लेनिसला सगळं माहीत आहे. ती तिच्या खोलीचा पडदा ओढून घेते. ॲम्ब्युलन्सचा नंबर मात्र तिने मोठ्या अक्षरांत लिहून फोनच्या वर चिकटवलाय, आणि आम्ही ओढत असतो तोवर ती फोनपाशी बसून असते.

मी नियमापेक्षा जोरात ओढतो. इंजिन ओरडतं, ड्रम तापतो. पहिल्या आठवड्यात काही फरक पडला नाही. मग एका संध्याकाळी वजन हललं ते लाकूड संपल्यानंतर, काँक्रीट लागून थोडं वर. मला वाटलं, भास असेल. दुसऱ्या दिवशी आणखी वर. मी लिव्हियाला सांगितलं तेव्हा तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. त्या हाताला! मला तो काढून घ्यावासा वाटला.

जोर वाढवला की जागा वर सरकते. तो उठायचा प्रयत्न उजेडाच्या जवळ येऊन करतो. आता तो थकतही नाही, वरपर्यंत हलत राहतो. लिव्हिया त्याच्यासाठी घरून चादर आणते, पाण्याची बाटली आणते. तिच्या चेहऱ्यावर तेज आलंय. "अजून थोडंसं," ती म्हणते. "तुमच्या हातात आहे सगळं, अंकल डेस."

काल पिंजऱ्याचं छत जमिनीच्या वर आलं तरी आतलं वजन हलत होतं. खिडकीतून मला जाळीचा वरचा भाग दिसला. आतून चार बोटं जाळीत अडकलेली होती, नखांत लाल माती, आणि ती पकड घट्ट होत होती. तो उभा राहत होता. आणखी हातभर वर आला असता तर त्याचा चेहरा दिसला असता. जाळीतून बाहेर बघितलं की समोर आधी माझी खिडकी येते, मग त्याची मुलगी.

त्याने मला काय विचारलं असतं ते मला ठाऊक आहे. घंटा का नाही वाजवलीस, म्हणून.

मी ब्रेक दाबला. जरासाच. बाहेरून कुणाला कळणार नाही इतकाच. पिंजरा मंदावला, बोटं सैल झाली, निसटली. पिंजरा सावकाश वर आला.

लिव्हियाने जाळी उघडली. चादर हातावर घेऊन ती वाट बघत उभी राहिली. मग तिने खिडकीकडे वळून मला विचारलं, "काय झालं?"

"अजून थोडा उशीर होतोय," मी म्हणालो.